तीन बोटांचे हातमोजे

१४ नोव्हेंबर

धाकटे,

पाकिटावरचं अक्षर पाहून दचकली असशील. घाबरू नकोस. कुणी गेलेलं नाही, कुणी आजारी नाही. काम आहे म्हणून लिहितेय. पत्ता तुझ्या आईंकडून घेतला. त्यांनी दिला, पण देताना दोनदा विचारलं, "नक्की लिहिणार आहात ना? की नुसताच घेऊन ठेवताय?"

काम दुकानाचं आहे. तुझा जुना नंबर लागत नाही, आणि दुकानाच्या सगळ्या ई-मेल तुझ्याकडे जातात. त्या तू वाचतेस की नाही, देव जाणे. म्हणून शेवटी टपाल.

जाताना तू हातमोज्यांचं दुकान जुन्या फोनवर उघडंच ठेवून गेलीस. तुला वाटत असेल, एव्हाना बंद पडलं असेल. नाही पडलं. यांची दोन बोटं प्रेसखाली गेली त्या हिवाळ्यात मी यांच्यासाठी तीन बोटांचा हातमोजा विणला आणि तू त्याचा फोटो काढून साइटवर टाकलास. तेव्हा मी म्हटलं होतं, "असली वस्तू कोण घेणार?" पुष्कळ लोक घेतात, धाकटे. इतक्या लोकांची बोटं गेलेली असतात याची मला कल्पनाच नव्हती. सुतार, क्रेनवाले, छापखान्यातले, शाळेतल्या एक बाई. कागदावर हात ठेवतात, पेन्सिलीनं भोवती रेघ मारतात आणि त्याचा फोटो पाठवतात. मी त्या मापानं विणते. कुणाला अर्धी करंगळी, कुणाला अंगठाच नाही. थंडी पडली की मान वर करायला फुरसत नसते.

आता अडचण ऐक. आपली साइट तुमच्या तिकडच्या एका बड्या बाजारानं विकत घेतली. एक दिवस सकाळी फोन उघडला तर निरोप: "अभिनंदन! तुमचं दुकान आता परदेशातही उघडलं आहे!" वर फुगे उडताहेत. मी काही उघडलं नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं, कुठे सही घेतली नव्हती. न विचारता लग्न लावून दिलं आणि आता म्हणतात, नांदा. आणि सासर निघालं नेमकं तुझ्याच देशात.

भाव तेच लावतात. मुदत तेच ठरवतात. ऑर्डर नाकारली तर माझे स्टार कापतात. बाहेर पडायचं बटण आहे, पण ते दाबलं की ओटीपी मालकाच्या ई-मेलवर जातो. मालक तू.

तेव्हा एवढंच कर. तुझ्या फोनवरून दुकानात जा, 'परदेशी विक्री' लिहिलंय तिथे 'नको' म्हण. पाच मिनिटांचं काम आहे. मला उत्तर लिहायलाच हवं असं नाही.

बाकी ठीक. हे पत्र लिहितेय ते यांना सांगितलेलं नाही.

— मोठी जाऊ

२ डिसेंबर

धाकटे,

टपालाला वेळ लागतो हे मला कळतं. तरी रोज सकाळी फोन उघडून बघते. 'परदेशी विक्री: चालू.' म्हणजे एकतर पत्र पोचलं नाही, नाहीतर पोचलं आणि तू ते बाजूला ठेवलंस. मी असते तर मीही बाजूला ठेवलं असतं बहुतेक.

तरी पुन्हा लिहितेय, कारण प्रकरण हाताबाहेर चाललंय.

मी दुकानात आपल्या भाषेत स्पष्ट लिहिलंय: 'बोटं गमावलेल्या हातांसाठी. आधी हाताचं माप पाठवा.' तुमच्याकडच्या बाजारानं त्याचं आपोआप भाषांतर केलं. ते भाषांतर पुन्हा आपल्या भाषेत उलटवून बघायची सोय आहे, ती मला टपाल कचेरीच्या रांगेतल्या चमचेवाल्यानं दाखवली. काय निघालं सांगू? 'हरवलेल्या बोटांचे फॅशनेबल हातमोजे.' आणि मापाची ओळ गायब! तिथे नुसतं लहान, मध्यम, मोठं.

हा चमचेवाला म्हणजे लाकडाचे चमचे कोरून विकणारा माणूस. माझ्यासारखाच न विचारता तिकडे ढकललेला. रांगेत मी हसू आवरून उभी होते, तर म्हणाला, "ताई, तुमचं बरंय. माझं बघा." त्यानं लिहिलं होतं, 'उत्तम लाकडी चमचे, टिकाऊ.' उलटवल्यावर आलं, 'उत्तम लाकडी खुशामतखोर, दीर्घायुषी.' मी मोठ्यानं हसले. खिडकीतली बाई रागावून बघायला लागली. तोही हसला, पण नंतर म्हणाला, "हसायला ठीक आहे हो. तिकडून एकानं मागवले आणि परत पाठवले. जायचा खर्च माझा, यायचा खर्चही माझाच."

माझेही परत येताहेत. फोटो यांच्याच हातमोज्याचा आहे ना, उजवा तीन बोटांचा, डावा पूर्ण. माप आलं नाही तर मी काय विणणार? फोटोतलंच विणून पाठवते. म्हणजे यांचाच हात पुन्हा पुन्हा तिकडे पाठवतेय. धडधाकट दहा बोटांची माणसं गंमत म्हणून मागवतात, पार्सल उघडतात आणि परत धाडतात. परवा आलेल्या पार्सलवर कारण छापलं होतं: 'वस्तू सदोष. दोन बोटं नाहीत.'

मी ते टेबलावर टाकून आत गेले. बाहेर आले तर हे चष्मा लावून वाचत होते. म्हणाले, "बघ, यांना परत करायची सोय तरी आहे."

त्या हाताबद्दल हे असं काही बोलल्याचं मला आठवत नाही. हसावं की काय करावं ते कळेना. मी लोकर आवरायला घेतली.

तू ते बटण दाब ग.

— मोठी जाऊ

१९ डिसेंबर

धाकटे,

तुझ्या भरवशावर न राहता मी कस्टमर केअरला फोन लावला. गाणं ऐकत बसले. भाजी निवडून झाली, चिरून झाली, फोडणी घालायची वेळ आली तेव्हा कुठे एक मुलगा बोलला. आमचं बोलणं जसंच्या तसं लिहिते, कारण इथे कुणाला सांगायची सोय नाही.

"नमस्कार मॅडम, मी आपली काय मदत करू शकतो?"

"मला परदेशी विक्रीतून बाहेर काढा."

"मॅडम, परदेशी विक्री ही आपल्यासाठी सुवर्णसंधी आहे."

"असेल. मला नको."

"आपण दुकानाच्या मालक आहात का?"

"मी विणते."

"मालक आहात का, मॅडम?"

"मालक माझी जाऊ आहे."

"मग त्यांना फोनवर द्या."

"ती परदेशात असते."

हे ऐकून पोरगं एवढं खूश झालं! "अरे वा! मग तर परदेशी विक्री तुम्हाला फारच सोयीची आहे!"

माझ्या हातात पळी होती. मी म्हटलं, "बाळा, आत घालताना तुम्हाला माझी संमती लागली नाही. मग बाहेर पडताना कशी लागते?"

"ते आपोआप होतं, मॅडम."

"मग आपोआपच काढा."

"तशी सोय नाही."

  मग आवाज खाली आणून म्हणाला, "खरं सांगू का, काकू? दिवसभर हेच फोन येतात. तुमच्या आधी एक मेणबत्तीवाले होते, ते रडले." मॅडमची काकू झाले तेव्हाच मला कळलं की याच्याही हातात काही नाही. त्याच्यावर काय ओरडायचं? विचारलं, जेवलास का? नाही म्हणाला. फोन ठेवताना त्यानं पुन्हा पुस्तकातलं वाक्य म्हटलं, की आपली तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे.

चमचेवाल्यानं सगळ्या विक्रेत्यांच्या सह्यांचा अर्ज केला होता. त्यालाही तेच वाक्य आलं.

दमले मी. विणून विणून मनगट सुजतं, ते एक वेळ चालतं, कारण त्यातून काहीतरी तयार होतं. हे जे चाललंय त्यातून काहीच तयार होत नाही. पार्सल जातं, पार्सल येतं. परत आलेल्यांची कपाटात थप्पी झालीय. कपाट उघडलं की सगळे यांचेच हात.

नवीन वर्षाचं काही लिहायला सुचत नाही. सुखी राहा.

— मोठी जाऊ

८ जानेवारी

धाकटे,

हे पत्र माझ्यासाठी नाही, दुसऱ्या एका बाईसाठी आहे. तेव्हा माझ्यावरचा राग तिच्यावर काढू नकोस.

तुमच्या तिकडे एक बेकरीवाली आहे. तिनं हातमोजे मागवले, मी नेहमीप्रमाणे फोटोतले पाठवले. इतरांसारखे परत नाही केले तिनं. लांबलचक निरोप पाठवला. साइटनं त्याचं जे भाषांतर केलं ते हे: 'तुमचा हात सुंदर आहे परंतु तो माझ्या हाताशी भांडतो. मी कणकेच्या यंत्राने खाल्लेली आहे. बाहेर जाताना माझा खिसा माझे घर आहे. कृपया मला भरून द्या.'

मी हे किती वेळा वाचलं असेल. पहिल्यांदा हसू आलं, मग आलं नाही. खिसा माझे घर आहे. म्हणजे ती हात खिशात घालूनच बाहेर पडते, बरोबर ना? हेही पहिलं वर्षभर तसेच जायचे. उन्हाळ्यातसुद्धा हात खिशात.

पण 'भरून द्या' म्हणजे काय ते मला कळत नाही. पैसे परत मागतेय? की रिकाम्या बोटात कापूस भरून हवाय, म्हणजे लांबून हात पूर्ण दिसेल? काही जण तसं मागतात. आपल्याकडच्या शाळेच्या बाईंनी तसंच करून घेतलं. आणि हात कुठला, बोटं कुठली? मी साइटवरून विचारलं तर तिला काय पोचलं कोण जाणे, तिनं नुसता पावाचा फोटो पाठवला. चांगला भाजलेला होता, पण मी त्याचं काय करू?

तिचा फोन नंबर पार्सलवर होता, तो खाली लिहिलाय. तू तिथली भाषा बोलतेस. तिला एक फोन कर आणि नीट विचार. कागदावर हात ठेवून रेघ मारायला सांग. माझं परदेशी विक्रीचं राहू दे हवं तर. हे एवढं कर.

ताटकळत ठेवण्यासारखी बाई नाही ती. आपल्या घरात तसा हात असल्यामुळे मला कळतं. तुलाही कळतं.

— ताई

३० जानेवारी

धाकटे,

तुझं पत्र आलं.

ते यांच्याच हाती पडलं. मी आंघोळीला गेले होते. बाहेर आले तर पाकीट माझ्या सुयांशेजारी ठेवलेलं, न उघडलेलं. तिकडचा स्टॅम्प वरच होता, अक्षर तुझं होतं, म्हणजे न कळायला हे काही दूधखुळे नाहीत. पेपरमधून डोकं न काढता म्हणाले, "तुझं टपाल आलंय." एवढंच. जेवायला बसल्यावर मीच म्हटलं, "धाकटीचं पत्र होतं." म्हणाले, "हं. मीठ दे."

बेकरीवालीच्या हाताचं माप मिळालं. डाव्या हाताची तर्जनी आणि अर्धं मधलं बोट. तू तिच्याकडे स्वतः गेलीस, आगगाडीनं, एवढ्या लांब! मी नुसता फोन करायला सांगितलं होतं. ती पहिल्यांदा दारच उघडेना आणि मग तू तिला तुझ्या थोरल्या दिरांबद्दल सांगितलंस तेव्हा तिनं आत घेतलं, ते वाचून मी सुया खाली ठेवल्या. तिला तर्जनी भरून हवी, आणि मधलं बोट आहे तेवढंच हवं, झाकून. बरोबर आहे तिचं. पूर्ण खोटं नको आणि पूर्ण खरंही नको. विणायला घेतलंय. बोटाच्या टोकाला मऊ लोकर लावते, तिथली कातडी फार हुळहुळी असते.

आता तू शेवटी लिहिलंस त्याबद्दल.

मी यांना तपासणीला घेऊन गेले होते आणि परत आले तर तुमच्या खोलीत नुसते हँगर लटकत होते. किल्ली फळीवर. मी ते कुणाला बोलून दाखवलं नाही, पण जावेच्या नात्याला काही अर्थ असतो असं मला वाटत होतं, ते त्या दिवशी वाटेनासं झालं. तुला हे माहीत असावं म्हणून लिहिलं. पुन्हा लिहिणार नाही.

पण तू लिहिलंयस ते मला माहीत नव्हतं. भाऊजींना एका टेबलाशी बसून जेवता येत नव्हतं. दादा डाव्या हातानं चमचा उचलायला लागला की त्यांचा घास तोंडातच राहायचा, रात्र रात्र उठून उजवा पाय चोळत बसायचे, कारण त्या दिवशी प्रेसच्या पेडलवर तोच पाय होता. धाकटे, मशीनचा क्लच घसरला होता. चौकशीला आलेल्या माणसानं तसं लिहून दिलंय. यांनी तर भाऊजींबद्दल कधी एक शब्द वाकडा काढला नाही. पण हेही खरं, की सरळ शब्दही काढला नाही. भाऊजींचं नावच घरात निघेनासं झालं. जिथे बोलायचं तिथे या दोघा भावांनी तोंडाला कुलूप लावलं, आणि आपण दोघी त्यांच्या बाजू धरून बसलो. त्यांना बाजू होत्या तरी का?

असो. विक्रीचं तू म्हणतेस ते वाचलं. 'नको' म्हटलं तर 'विनंतीचा विचार पुढच्या वर्षी करू' असं येतंय, आणि तोपर्यंत चालूच. म्हणजे तू दाबलं होतंस. पहिल्याच पत्रानंतर दाबलं होतंस आणि मला कळवलं मात्र नाहीस. ठीक आहे. मीच लिहिलं होतं, उत्तर नको म्हणून.

तुमच्या छोटीला माझे खूप पापे. ती मला अजून मोठी आई म्हणते का, की विसरली?

— ताई

१७ फेब्रुवारी

धाकटे,

थोडक्यात लिहिते. दुकान त्यांनी थांबवलं. तिकडून परत आलेला माल जास्त, म्हणून स्टार पडले, आणि स्टार पडले म्हणून इकडचंही दुकान बंद. फोनवर लाल पट्टी: 'तुमच्या ग्राहकांच्या सुरक्षिततेसाठी.' माझ्या हातमोज्यांपासून कुणाला काय धोका आहे, ते त्यांनाच ठाऊक.

एक क्रेनवाला माझ्या हातमोज्यांची वाट बघतोय. त्याचे विणून तयार आहेत, पण पत्ता साइटच्या पोटात अडकलाय, दिसत नाही. मागच्या दोन हिवाळ्यांत त्यानं नेले होते, या वेळी वाटत असेल, बाईनं फसवलं. त्याला सांगणार तरी कसं? कुठल्या गावचा, कुठल्या यार्डातला, काही माहीत नाही. मला त्याचा फक्त हात माहीत आहे.

चमचेवाला त्या साइटवरून उठला. आठवडी बाजारात चटई टाकून बसतो. म्हणाला, "ताई, इथे निदान गिऱ्हाईक तोंडावर नाही म्हणतं." मला म्हणाला, या शेजारी बसायला. पण माझं गिऱ्हाईक बाजारात कसं येणार? ते हात खिशात घालून फिरतं.

तू लिहिलंस ना, या जंजाळातून सुटायचा एकच मार्ग त्यांनी ठेवलाय, दुकान कायमचं बंद करणं, आणि ते मालकच करू शकतो. तुझा जीव त्यात आहे हे मला ठाऊक आहे. नाव तू शोधलंस, फोटो तू काढलेस, यांना खिडकीपाशी बसवून हात उजेडात धरायला तूच लावलंस. तेव्हा हे नको नको म्हणत होते आणि तू ऐकलं नाहीस.

करून टाक बंद. मी विचार करून सांगतेय. रविवारी दुपारी मी घरीच आहे, हेही असतात. माझा नंबर तोच आहे.

— ताई

४ मार्च

धाकटे,

फोन झाल्यावर पुन्हा पत्र कशाला, असं म्हणशील. एक गोष्ट फोनवर सांगता येण्यासारखी नव्हती, म्हणून लिहितेय. आणि सहा पत्रं लिहिल्यावर हाताला सवय लागते.

तुझा आवाज थोडा बदललाय. बोलताना मधेच थांबतेस, जणू शब्द दुसऱ्या खोलीतून आणावा लागतो. पण 'ताई, दाबू का?' असं विचारलंस ना, ते अगदी पूर्वीचं. मी म्हटलं, थांब जरा. मग म्हटलं, दाब. मग साइटनं कारण विचारलं आणि तू एकेक पर्याय वाचून दाखवलेस. वेळ मिळत नाही. माल उरला नाही. व्यवसाय वाढल्यामुळे दुसरीकडे जात आहे. "यातलं कुठलं टाकू?" मी म्हटलं, "वाढला म्हण. कपाटात मावत नाही इतका वाढलाय." तू हसलीस तशी मीही हसले, आणि हसता हसता तू म्हणालीस, "झालं, ताई. गेलं."

वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? मी फोनकडे बघितलं, तर आपलं दुकान होतं तिथे पांढरी जागा. क्रेनवाला त्यात गेला, शाळेच्या बाई गेल्या, सगळ्यांची मापं गेली. काही जणांचे हात मला पाठ आहेत, पण पाठ असून काय उपयोग? बेकरीवालीचं पार्सल मात्र आधीच पोचलं होतं, ते बरं झालं. ती तुला फोन करून रडली म्हणालीस. तिनं हात खिशातून काढला की नाही, ते सांगायचं राहिलं तुझं.

पुढे काय करायचं ते ठरलेलं नाही. कुणी कुणाला सांगून दारापर्यंत आलं तर विणीन. न आलं तर मनगटाला विश्रांती. आज तरी मला काहीच ठरवायचं नाहीये.

आता ती गोष्ट.

तू म्हणालीस, "हे इथेच आहेत, देऊ का?" आणि मी फोन यांच्यापुढे धरला. हे खुर्चीत बसले होते. मला वाटलं, मान हलवून नाही म्हणतील. त्यांनी फोन घेतला. मी स्वयंपाकघरात गेले. पण दार उघडं होतं, आणि भाऊजींचा आवाज आधीपासूनच मोठा, त्यात यांना नीट ऐकू येत नाही म्हणून फोन स्पीकरवर. तेव्हा मी चोरून ऐकलं असं नाही. ऐकू आलं.

 आधी भाऊजी म्हणाले, "दादा."

हे म्हणाले, "हं."

"थंडी आहे का तिकडे?"

"गेली आता. तिकडे?"

"बर्फ आहे अजून."

मी म्हटलं, झालं, एवढ्यावरच संपणार आता. हवापाण्याच्या गप्पा मारून दोघं फोन ठेवणार, आणि पुन्हा वर्षानुवर्षं काही नाही. तेवढ्यात भाऊजींनी विचारलं, "दादा, हात दुखतो का रे?"

धाकटे, मी यांची बायको. ड्रेसिंग मी केलं, शर्टाची बटणं मी लावली, डाव्या हातानं सही करायला मी शिकवलं. रोज मी विचारायचे, दुखतंय का? रोज उत्तर एकच, "छे, काही नाही. तू तुझं काम कर." मी ते खरं धरून चालले. शेकडो हातांची दुखणी लोकांनी मला निरोपांतून कळवली, कुठे आग होते, कुठे मुंग्या येतात, नसलेलं बोट कसं खाजतं. आणि घरातला हात दुखत नाही, असं मी समजत होते.

हे म्हणाले, "दुखतो. फार दुखतो रे. रात्री झोप लागत नाही."

आणि मग सांगत सुटले. कुठे दुखतं, कसं दुखतं, गेलेली बोटं अजून मुठीत आवळल्यासारखी वाटतात, ती उघडताच येत नाहीत. पलीकडे भाऊजी नुसते 'हो दादा, हो दादा' म्हणत होते. तुला तिथून किती ऐकू आलं माहीत नाही.

मला राग आला. खरंच आला. हातात ओला फडका होता, तो मी ओट्यावर आपटला. मला का नाही सांगितलं? ज्याचा पाय पेडलवर होता, तो मुलखाच्या पलीकडून एकदा विचारतो आणि त्याला सगळं सांगता. आणि मी कोण?

मग यांचा आवाज फुटला. इतक्या वर्षांत मी यांना रडताना ऐकलं नव्हतं, दवाखान्यातसुद्धा नाही. भाऊजीही रडत होते. दोघं म्हातारे बाप्ये, एक इथे, एक तिथे.

राग कुठे गेला ते कळलं नाही. मी हात पुसले आणि बाहेरच्या खोलीचं दार हळूच लोटून घेतलं, म्हणजे त्यांना निवांत बोलता यावं.

— ताई